वळणावरचा खड्डा

"अगंबाई, तो आत्ता गेला? मला वाटलं, केव्हाच गेलाय," कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. रेडिओवरची बाकीची बातमी त्या घरघरीत बुडाली. धाकट्याच्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती, अजून मेणातली. दिव्यावर तापवलेली सुरी त्याने एका दाढेच्या मुळाशी टेकवली होती, ती तिथेच राहिली. मेण पाघळलं, दाढ कलली आणि शेजारच्या दाढेवर रेलली, बसमध्ये पेंगणाऱ्या उतारूसारखी. बाईंचं तरी काय चुकलं? पुष्कळांना तसंच वाटत असणार. घोगऱ्या पीत होता तोवर त्याच्याबद्दल रोज काही ना काही छापून यायचं. प्यायचा थांबला आणि लोकांच्या लेखी संपला. खरं नाव वर्तमानपत्रांसाठी होतं. ज्यांनी त्याच्या कॅसेटी झिजवल्या त्यांच्यासाठी तो घोगऱ्याच. म्हणून मघाशी रेडिओवरच्या मुलीने त्याचं नाव वडिलांच्या नावासकट घेतलं, तेव्हा धाकट्याला क्षणभर कळलंच नव्हतं की कोण गेलं. मग तिने पुढचं वाक्य वाचलं: इतकी वर्षं दारूपासून लांब राहिलेला हा गायक अलीकडे पुन्हा तिच्या आहारी गेला होता. तेव्हा कळलं.

आणि कळल्यावर त्याच्या मनात घोगऱ्या आलाच नाही, दादा आला. याची त्याला लाज वाटली. माणूस मेलाय आणि आपण हिशेब करतोय तो आपल्या घराचा. पण आपण खरोखर त्याचे चाहते तरी होतो का, हाही प्रश्नच होता. गाणी दादाची, कॅसेटी दादाच्या, भिंतीवर चिकटवलेलं चित्र दादाचं. धाकटा फक्त त्याच खोलीत झोपायचा. साठी जवळ आली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत, आणि इथे कवळ्यांच्या कारखान्यातही तेच नाव चिकटलं होतं, कारण दादाच्या पिण्याच्या त्या वाईट वर्षांत तो भरदुपारी येऊन दारातूनच ओरडायचा, "धाकट्या, बाहेर ये! तुझे दात दाखव!" सगळे हसायचे. दादा पडायच्या बेतात असायचा, तरी हसायचे, कारण तो विनोदी होता. मग एका वर्षी घोगऱ्या सहा-आठ महिने कुठल्याशा इस्पितळात जाऊन राहिला, आणि ते वाचून दादाही गेला. दुसऱ्या, साध्या, पण गेला. "आम्ही दोघं एका बाकावरचे," बाहेर आल्यावर तो म्हणायचा. "तो नापास झाला नाही तोवर मी होत नाही." हे तो गमतीने म्हणतो असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. धाकट्याने मात्र एकदाही ते गमतीने घेतलं नव्हतं.

दाढ सरळ करून होते न होते तोच वहिनीचा फोन आला. "भावजी, तुमच्याकडे आलेत का हे?"

"नाही हो. का?"

"सकाळी बातम्या ऐकल्या, अंघोळ केली, नीट जेवले. मला म्हणाले, आमटी छान झालीय. इतक्या वर्षांत कधी म्हणालेत का तसं? मी मागे कपडे वाळत घालायला गेले, तेवढ्यात निघून गेले. फोन इथंच आहे, टेबलावर. आणि भावजी, ती बाटली जागेवर नाही."

"मी बघतो," धाकटा म्हणाला. काय बघणार, कुठे बघणार, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बघाल हो. पण मला काय वाटतं, तुम्हाला सापडले तर आधी काही बोलू नका. नुसतं उभं राहा त्यांच्याजवळ." आणि मग एकदम चिडून, "उभं राहणं तर येतं ना तुम्हाला!"

ते येत होतं. आयुष्यभर तेवढंच केलं होतं. त्याने डोक्यावरचा दिवा मालवला, बाईंना म्हणाला, "जरा दादाकडे जातो." बाईंनी मशीन थांबवून त्याच्याकडे बघितलं, त्यांना ती दुपारची हाक आठवली असावी. "जा हो," त्या म्हणाल्या, "कवळीला काय, ती काही चालून जात नाही."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रेडिओवरच्या मुलीने शेवटी सांगितलं होतं की चाहते दुपारपासून खुल्या रंगमंचावर जमताहेत. दादा तिथे असेल, किंवा नसेल. नसेल तर कुठे, हा विचार त्याने बसच्या पहिल्याच थांब्यावर उतरवून टाकायचा प्रयत्न केला. ज्या कोपऱ्यावर दादाचा नेहमीचा बार होता तिथे आता मोबाइलची कव्हरं विकत होते. काचेमागे रंगीबेरंगी कव्हरं टांगलेली आणि आत एक बाई जांभई देत होती. धाकट्याला इतकं हायसं वाटलं, की जणू शहरात तो एकच बार होता. बोटं मांडीवर आपोआप हलत होती, काहीतरी सपाट करावं तशी. त्याने बोटांकडे बघितलं आणि ती कशासाठी हलताहेत ते त्याच्या लक्षात आलं. ती टेप सपाट करत होती. तो तेव्हा शाळेत होता. दादाच्या प्लेअरने कॅसेट खाल्ली होती, घोगऱ्याची पहिली, आणि पोटातून तपकिरी आतडी बाहेर आल्यासारखी टेप लोंबत होती. दादा, जो कशाला म्हणून घाबरत नसे, तो पलंगावर डोकं धरून बसला होता. "तुझी बोटं बारीक आहेत, तू कर," तो म्हणाला. धाकट्याने मांडीवर आईचं जुनं मऊ पातळ पसरलं, चमच्याच्या पाठीने टेपची एकेक सुरकुती काढली, आणि पेन्सिल खुपसून चाक फिरवत फिरवत ती आत घेतली. सगळी निघाली नाही. वीतभर टेप चुरगळलेलीच राहिली. आणि ती नेमकी त्या ओळीवर आली, जिच्यासाठी कॅसेट घेतली होती. "कडी लावू नको, मी वळणावर आहे." 'वळणावर' म्हणताना घोगऱ्याचा आवाज एकदम खाली जायचा, पायरी चुकल्यासारखा, खोल, जाड, पाण्यात गेल्यासारखा, आणि आता बुडाला म्हणेपर्यंत धापा टाकत वर यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकट्याला रडू फुटलं, आपण वाट लावली म्हणून. दादाने पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा तो पलंगावर उभा राहून त्या घसरणीसकट गाऊ लागला आणि म्हणाला, "अरे, हेच बरोबर आहे! वळणावर खड्डा नको का?"

त्या जागेला मग खड्डाच म्हणू लागले. दादाने त्या कॅसेटच्या प्रती काढून गल्लीत, कॉलेजात, जिथे तिथे वाटल्या. दोन प्लेअर समोरासमोर ठेवायचे, खिडक्या बंद, पंखा बंद, आणि धाकट्याने खोकायचं नाही, ही त्याची कामगिरी. प्रत्येक प्रतीत खड्डा गेला. पोरं गाणं शिकली ती खड्ड्यासकट. सायकलवरून जाता जाता, जिन्यात, न्हाणीघरात सगळे त्या शब्दावर खाली जायचे आणि वर यायचे. आईसुद्धा. तिला गाण्याचं काही कळत नव्हतं, पण दादाला उशीर झाला की ती दाराशी बसून ती ओळ गुणगुणायची, आणि खड्ड्यात गेली की तिथे जरा जास्तच थांबायची. कडी ती लावत नसे. पुढे कधीतरी कुणीतरी मूळ रेकॉर्ड आणली तेव्हा सगळ्यांना ती चुकीची वाटली. सपाट. रस्ता सरळच, वळणच नाही.

घोगऱ्या खुल्या रंगमंचावर आला तो पहिला आणि शेवटचा कार्यक्रम. त्याच्या कार्यक्रमात एक रीत होती, कुणी घातलेली ते ठाऊक नाही: पुढच्या गर्दीतून एक बाटली हातोहात मंचापर्यंत जायची, तो एक घोट घ्यायचा, लोक छप्पर उडेल असे ओरडायचे, तिथे छप्पर नव्हतं तरी, आणि बाटली तशीच हातोहात मागे यायची. त्या दिवशी गेली ती दादाची. मावळतीचं ऊन मंचावर आडवं आलेलं आणि बाटली हातांवरून जाताना चमकत होती, पाण्यातून मासळी जावी तशी. धाकटा मागे झाडाशी टेकून उभा होता. तो नेहमी झाडाशीच असे. गाणं म्हणायचा म्हणजे ओठ हलवायचा. ती ओळ आली आणि गर्दीची ती सगळी बाजू, गल्लीतले, कॉलेजातले, एका दमात खड्ड्यात गेली. घोगऱ्याने मान वर केली. हसला. आणि पुढच्या कडव्याला ती ओळ पुन्हा आली तेव्हा तोही त्यांच्याबरोबर खाली गेला. धाकट्याच्या चमच्याने न निघालेली सुरकुती घोगऱ्याच्या स्वतःच्या गळ्यात. खरंच गेला होता का तो? दादा शपथेवर सांगायचा. धाकट्याला कधीच खात्री नव्हती. हवं ते ऐकू येण्याचं ते वय होतं, आणि तो लांब होता. हे एवढं त्याच्या आयुष्यात घडलं होतं आणि तेही घडलं की नाही हे त्याला सांगता आलं नसतं.

बाटली परत आली तेव्हा तळाशी दोन बोटं दारू उरली होती. पुढच्या वर्षांत दादा काय काय प्यायला ते आठवू नये हेच बरं, पण त्या दोन बोटांना त्याने हात लावला नाही. तो इस्पितळातून आल्यावर वहिनी ती ओतायला निघाली तर तो आडवा आला. "ती दारू नाहीये," म्हणाला. मग वहिनीने आतल्या पातळीवर बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढली आणि बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, शिलाई मशीनच्या तेलाशेजारी. फळी पुसताना ती रेघ बघायची. दादाच्या घरात सगळं काही त्या रेघेच्या वर चाललं होतं: लेकीचं लग्न, नातवंडं, गुडघ्याचं दुखणं. घोगऱ्याही कुठेतरी तसाच जगत होता. दारू सोडल्यावर तो एकदा टीव्हीवर गायला, पाण्याचा पेला घेऊन. आवाज चांगला स्वच्छ झाला होता, लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी बाटली पुढे पाठवली आणि त्याने ती न उघडता माइकच्या पायाशी ठेवून दिली. पूर्ण कार्यक्रमभर ती तिथे होती. दादा खुर्चीच्या कडेला बसून मुठी आवळून बघत होता, फुटबॉलचा सामना बघावा तसा. "टिकला रे, टिकला," तो शेवटी म्हणाला. शेजारचे कुणी म्हणाले, आता त्याच्यात ती मजा नाही. दादा असा उसळला, "मजा? मेला असता म्हणजे तुम्हाला मजा आली असती का?" त्यानंतर ते शेजारी बरेच दिवस जिन्यात बाजूला होऊन उभे राहायचे.

रंगमंचाच्या फाटकाशीच धाकट्याला कळलं की दादाला शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. पायऱ्या भरल्या होत्या. सगळे त्याच्याच वयाचे, पोटं सुटलेले, टकलावर उरलेल्या केसांची शेंडी बांधलेले. बायका नातवंडांना कडेवर घेऊन. मंच मोकळा होता, पुढच्या कडेशी फक्त एक माइक, आणि माइकच्या पायाशी बाटल्यांची रांग. रीत चालूच होती. बाटल्या हातोहात पुढे जात होत्या, जाता जाता प्रत्येक जण एक घोट घेत होता. ज्याने माणूस गेला तेच त्याला वाहत होते, आणि कुणाच्या चेहऱ्यावर त्यात काही चूक आहे असं नव्हतं. डोळे भरलेले होते. एका जाड्या गृहस्थाने धाकट्यापुढे कागदी पेला धरला. "घ्या काका, त्याच्या नावाने."

"मी घेत नाही."

"अहो, आज कोण विचारतंय! तुम्ही तेव्हा कुठे होता, पुढे की मागे?"

"झाडाशी."

"झाडाशी!" गृहस्थ हसले. "म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नसणार काही." आणि पेला त्यांनी स्वतःच रिकामा केला. असे किती पेले. दादापुढे किती जणांनी आत्तापर्यंत धरले असतील? त्याच्या विनोदी दादापुढे, जो कुणाला नाही म्हणत नसे. धाकटा कडेकडेने चालू लागला. चेहऱ्यांकडे बघत, मग बघवेना म्हणून पायांकडे बघत. कुणीतरी ते गाणं सुरू केलं. गिटार नव्हती, कुणी पायरीवर ताल धरला, आणि हळूहळू सगळं मैदान गाऊ लागलं, म्हाताऱ्या, फाटक्या गळ्यांनी. हजारभर माणसांनी कडी लावू नको म्हटलं. 'वळणावर'शी सगळे सपाट गेले. आता सगळ्यांकडे मूळ गाणं होतं, फोनमध्ये, नितळ. गल्लीतले कोण कुठे, काही मातीतही गेले. आणि तेवढ्यात डावीकडून, वरून, एकच आवाज पायरी चुकल्यासारखा खाली गेला.

धाकटा वळला. गाणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांना धडकत, माफ करा, माफ करा म्हणत तो वर चढला. झाड तेच होतं. दादा खाली मुळांवर बसला होता, जुना कॉर्डरॉयचा कोट घालून, दुखरा पाय लांब करून, आणि उजवा हात कोटाच्या आत. शेजारी दोघं-तिघं, पुढ्यात कागदी पेले. धाकटा वाकला आणि त्याच्या कॉलरवरचा, नसलेला, केस काढला. वाईट वर्षांत तो हे शिकला होता: कॉलरशी वाकायचं आणि श्वास आत घ्यायचा. डांबरगोळ्यांचा वास आला, आणि खोकल्याच्या गोळीचा.

"हुंगलंस ना?" दादा वर न बघता म्हणाला. "पास की नापास?"

"पास."

"मग बस."

धाकटा बसला. वहिनीने सांगितल्याप्रमाणे काही बोलला नाही. पलीकडच्या माणसाने पेला पुढे केला, दादाने मान हलवली. तो काही वेळाने पुन्हा करणार हे दिसत होतं. "टिकला नाही रे तो," दादा म्हणाला. "मी सकाळपासून विचार करतोय. एवढा मोठा माणूस. त्याच्याकडे सगळं होतं, डॉक्टर, माणसं. माझ्याकडे काय आहे? एक रेघ. तीही तुझ्या वहिनीने काढलेली." त्याने हात कोटातून बाहेर काढला. बाटली होतीच. काच धुरकट झाली होती, रेघ फिकट गुलाबी. "परत पाठवून द्यावी म्हणून आणली. त्याची त्याला. पुढच्या माणसाच्या हातात दिली की झालं. पण मधेच कुणी प्यायलं म्हणजे? आणि स्वतः घेऊन जावं तर खाली एवढी सगळी माणसं पेले घेऊन उभी. मी पोचणार नाही, धाकट्या. गुडघ्याचं नाही म्हणत मी."

"कळलं."

"तास झाला नुसता धरून बसलोय. हात आखडला."

पलंगावर डोकं धरून बसलेला दादा धाकट्याला दिसला, तसाच. "दे इकडे," तो म्हणाला. आपण असं म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. दादाची बोटं सुटायला वेळ लागला. धाकट्याने बाटली घेतली तेव्हा त्याचा अंगठा नेमका रेघेवर आला. उचलून बघावा, असं फार वाटलं. उचलला नाही. "तू इथेच बस," तो म्हणाला. "गात राहा. म्हणजे मला कळेल."

"काय कळेल?"

"गात राहा रे."

तो खाली उतरू लागला. इतक्या लोकांच्या मधोमध तो आयुष्यात कधी गेला नव्हता. हात पुढे येत होते; रीतच होती ती. "काका, द्या पुढे, फिरवू." "अहो, एक घोट तर द्या." त्याने बाटली छातीशी धरली. "नाही," तो म्हणाला, मग जरा मोठ्याने, "नाही, ही त्याची आहे, त्यालाच द्यायचीय," आणि का कोण जाणे, माणसं बाजूला झाली. मंचाची कड त्याच्या छातीएवढी होती. त्याने बाकीच्या बाटल्यांमध्ये ती ठेवली, अंगठा काढला, आणि रेघेकडे न बघता पाठ फिरवली. तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं की इथून कसं दिसतं. नुसती तोंडं, उघडी, काळी, वरपर्यंत. कारखान्यातल्या फळ्यांवर मांडून ठेवलेल्या जबड्यांसारखी, फक्त सगळी गाणारी. झाड दिसत होतं, खालचं काही दिसत नव्हतं. पलीकडच्या माणसाने पेला आता पुन्हा पुढे केला असेल. दादाचा हात रिकामा होता. आपणच रिकामा केला.

गाणं फिरून त्या ओळीशी आलं. कडी लावू नको, मी. मैदान सरळ रस्त्याने निघून चाललं, आणि झाडाशी काही नाही. काहीच नाही. मग, सगळ्यांच्या जरा मागून, कारण दादा नेहमीच उशिरा यायचा, तो आवाज खाली गेला. इथून तो इतका स्पष्ट ऐकू येत होता, की त्या वेळी मंचावर उभ्या असलेल्या घोगऱ्याला तो ऐकू आला नसेल असं म्हणताच येत नव्हतं. आवाज खाली राहिला, आई राहायची तसा, जरा जास्तच. धाकट्याने नुसते ओठ हलवायचे म्हणून तोंड उघडलं, तर आतून आवाज निघाला, चिरका, मोठा, आणि तोही खड्ड्यात उतरला, दादाला घ्यायला गेल्यासारखा; आणि दोन आवाज मैदानाच्या दोन टोकांनी धापा टाकत वर आले.

शेजारी उभी असलेली बाई डोळे पुसत होती. तिने त्याच्या बाहीला हात लावला. "काका," ती हळूच, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "तिथे असं नाहीये हो."

"आहे," धाकटा म्हणाला.